सात बाजार

लातूर-नांदेडकडं कुणी कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं मनावर घेतलं की बऱ्याचदा मला फोन येतो. "मॅडम, एकदा तुम्ही बघून सांगा, मग नेतो." मी जाते, पिल्लं बघते, घरच्या माणसांशी बोलते आणि मला काय वाटतं ते सांगते. लोकांना वाटतं, ही पशुवैद्यकाच्या पदवीची करामत. पण ही विद्या तात्यांची आहे. ती माझ्याकडं कशी आली, ते एकदा नीट लिहून ठेवायचं आहे.

तात्या आमच्या नात्यातले नव्हते. चाकूर तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी माणूस. थोडं रान, एक देवणी गाय, चार शेळ्या आणि दारात कायम दोन-तीन कारवान. माझे वडील शिक्षक; त्यांची काही वर्षं त्या भागात नोकरी झाली, तेवढीच ओळख. पण एवढ्याशा ओळखीवर त्या माणसानं आमच्या घरावर जे उपकार केले, ते आमच्या दोन पिढ्यांना पुरलेत.

चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी लांबवर ओळखलं जातं. ज्यांनी ही कुत्री पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट आणि उंच सडपातळ पाय. कारवानाचे केस आखूड, अंगाला चापून बसलेले. पश्मीच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांच्या मागं रेशमी झालर. अफगाणिस्तान आणि मध्य आशियाकडून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर यांचे पूर्वज दख्खनेत उतरले असं सांगतात. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलं ते मुधोळ हाऊंड याच गोतावळ्यातलं. पूर्वी ही कुत्री सशामागं सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा बसला. मग त्यांच्याकडं रान राखायचं काम आलं. रात्री हरभऱ्यात रानडुकरं घुसली की तुरीच्या धांड्याखाली झोपलेलं कारवान काय वेगानं सुटतं, ते डोळ्यांनी बघावं!

पण हे कुत्रं सगळ्यांसाठी नाही. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. रोज पाय मोकळे करायला मिळाले नाहीत तर ते झुरतं. घरच्यांवर जीव टाकतं, पण घरात सारखी आरडाओरड असली तर कोपरा धरतं. म्हणूनच तात्या म्हणायचे, "कुत्रं इकायची वस्तू न्हाई, सोयरीक जुळवायची हाय." ते हे लाडानं म्हणत नसत. सोयरीक जुळवताना घरदार, माणसं, खाणंपिणं, दुपारी घरी कोण असतं, हे सगळं जसं विचारतात तसं ते सगळं खरोखर विचारायचे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गावोगाव गणपती बुडवले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमचं गाव औसा तालुक्यातलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी आमच्याकडची घरं. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं त्या पहाटे माणसांवर बसली. आजी गेली. तिच्या कुशीत झोपलेला माझा धाकटा भाऊ एका तुळईच्या आडोशाला राहिला म्हणून जिवंत निघाला. तो सहा वर्षांचा होता, मी अकरा.

नंतरचे दिवस पत्र्याच्या शेडमध्ये गेले. दिवसभर तापलेला पत्रा रात्री निवताना तडतडतो. तो आवाज झाला की भाऊ खाटेखाली जायचा आणि बाहेर यायचा नाही. अधूनमधून जमीनही हलतच होती. दिवसा तो बोलायचा, खेळायचा. दिवेलागण झाली की त्याची वाचा बसायची. आईनं नवस बोलले, वडिलांनी लातूरला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर चांगले होते. वेळ लागेल म्हणाले.

दिवाळीनंतर तात्या ज्वारीची पोती घेऊन भेटायला आले. एक रात्र आमच्याच शेडमध्ये राहिले. पत्रा तडतडला, भाऊ खाटेखाली गेला, आणि तात्यांनी कंदिलाच्या उजेडात ते पाहिलं. काही बोलले नाहीत. सकाळी निघताना वडिलांना म्हणाले, "गुरुजी, दारची कुत्री गाभण हाय. पिल्लांचे सात बाजार झाले की सांगावा धाडतो. पोराला घेऊन या. बाईंना आन् पोरीलाबी आणा. सगळे या."

तात्यांचा हिशोब आठवडी बाजारांचा होता. पिल्लं जन्मल्यापासून सात बाजार होईपर्यंत ती कुणाला हातात द्यायची नाहीत, निवडायचीही नाहीत. सातव्या बाजारानंतर पारखायची. आठवा बाजार झाला की मगच आईपासून तोडायची. "त्याआधी नेलं तर चावायचं कुठवर हे त्याला कळत न्हाई. ते भावंडं शिकवतेत, आपण न्हाई."

माघात आम्ही गेलो. खळ्यावर सहा पिल्लं होती. मला वाटलं होतं, भाऊ त्यातलं एक उचलेल आणि आम्ही घरी येऊ. तात्यांनी आम्हाला आधी लांब, बाभळीखाली बसवलं. पिल्लांच्या जवळ कुणी जायचं नाही, 'यू यू' करायचं नाही. आई दूध पाजत होती. कोण दुसऱ्याला ढकलून पुढं घुसतंय, कोण वाट बघतंय, कोण बाजूला पडतंय, ते आम्ही नुसतं बघत होतो. दूध पिऊन झाल्यावर ती झोपली. झोपेतून उठून मुतून, आळस देऊन मोकळी झाल्यावर मग तात्यांनी काम सुरू केलं. भरल्या पोटी आणि डुलक्या काढणाऱ्या पिल्लाची पारख करायची नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

एकेक पिल्लू ते कडब्याच्या गंजीमागं नेत होते. त्या जागी पिल्लं आधी कधी गेली नव्हती. आई नाही, भावंडं नाहीत, ओळखीचा वास नाही. तिथं सोडायचं आणि चार पावलं लांब उकिडवं बसून जमिनीवर थापटी मारायची. काळ्या रंगाचा एक नर शेपटी उंच करून धावत आला आणि त्यानं तात्यांच्या धोतराचा सोगा धरून ओढायला सुरुवात केली. वडील खूश. "तात्या, हाच द्या. धीट आहे." एक भुरकट पिल्लू जागचं हललंच नाही; कान पाडून, पोट जमिनीला लावून बसलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला नेऊ या," ती म्हणाली, "आपल्यासारखंच आहे."

तात्यांनी दोघांनाही नाही म्हटलं. मला त्यांचे शब्द आजही जसेच्या तसे आठवतात, कारण त्यानंतर हीच गोष्ट मी शेकडो लोकांना सांगत आले आहे. "काळ्याला खमका मालक पायजे. भेदरलेल्या घरात ते स्वतःच मालक हून बसतंय. आन् बाई, दया आली म्हणून ते भुरकं नेऊ नका. तुमचं लेकरू भिणार, त्याला बघून पिल्लू भिणार, पिल्लाला बघून लेकरू. दोघांतलं एक तरी बिनघोर पायजे का न्हाई?"

मग पाचवी आली. तांबूस रंगाची मादी, छातीवर पांढरा ठिपका. ती लगेच धावली नाही. आधी जमीन हुंगली, मान वर करून तात्यांकडं पाहिलं आणि मग शेपटी हलवत सावकाश आली. तात्या उठून चालायला लागले तर पायांत न घुटमळता मागं मागं आली. त्यांनी तिला उताणी करून छातीवर हात ठेवला. थोडी झगडली, मग निवांत झाली आणि तोंड वळवून त्यांचं मनगट चाटायला लागली. पुढच्या पंज्याच्या दोन बोटांमधली कातडी त्यांनी चिमटीत हलकेच दाबली. तिनं पाय ओढून घेतला, रागावली नाही.

शेवटी घमेलं. गंजीआडून तात्यांच्या सुनेनं लोखंडी घमेलं फरशीवर टाकलं. ढाण्णकन आवाज झाला. माझा भाऊ आईच्या पदरात घुसला. ती मादी हातभर उंच उडाली आणि गंजीकडं पळाली. माझ्या पोटात कालवलं. वाटलं, हीसुद्धा गेली. तात्या बोटानं दाखवत होते, "थांब. बघ. ती काय करायलीय बघ." ती थांबली. वळली. कान उभे करून घमेल्याकडं बघत राहिली. मग एक पाऊल, पुन्हा थांबणं, पुन्हा एक पाऊल, असं करत घमेल्यापाशी आली, त्याची कड हुंगली आणि त्यात पुढचे दोन्ही पाय टाकून उभी राहिली.

"दचकणं वाईट न्हाई," तात्या भावाकडं बघून म्हणाले. "दचकून परत येतंय का, तेवढं बघायचं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. घमेलं त्यांनी भावाच्या हातात दिलं. "आता तू टाक. पायजे तेवढं हळू टाक." भाऊ किती तरी वेळ ते छातीशी धरून उभा होता. मग त्यानं गुडघे वाकवले आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरून सोडलं. मादी वळली, आली, तिनं हुंगलं. त्यानं आणखी वरून टाकलं. ती पुन्हा आली. असं पाच-सहा वेळा झालं असेल. आवाज कधी होणार हे भूकंपानंतर पहिल्यांदाच त्याच्या हातात होतं.

वडिलांनी पैसे विचारले. तात्यांनी नारळ आणि सव्वा रुपया घेतला. पिल्लू फुकट द्यायचं नसतं म्हणून तेवढं. आणि एक अट घातली: तिची भाकरी भावानंच कुस्करायची, दुसऱ्या कुणी नाही. आमच्याकडं सगळ्यांना नर हवा असतो, मादी कुणी नेत नाही. शेजारच्यांनी विचारलं, "कुत्री कामून आणलीत?" भावानं तिचं नाव भिंगरी ठेवलं.

पत्रा तडतडला की भिंगरी एक कान उभा करून वर बघायची आणि पुन्हा मान टाकायची. भाऊ तिच्या कानाकडं बघत पडायचा. कान खाली गेला की त्याचाही श्वास खाली बसायचा. हे एका रात्रीत झालं नाही. मृगाचा पहिला पाऊस पत्र्यावर कोसळला तेव्हा तो पुन्हा खाटेखाली गेला, आणि भिंगरीही त्याच्यामागं आत गेली. पण ती तिथं झोपून गेली. पावसाळा सरेपर्यंत तो खाटेवर झोपायला लागला होता. पक्की घरं मिळायला पुढं काही वर्षं लागली. तोवर त्या शेडमध्ये आमच्या घराला झोप दिली ती त्या पिल्लानं, आणि ते पिल्लू निवडलं तात्यांनी.

पुढं मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. सुट्टीत घरी जाताना वाट वाकडी करून तात्यांकडं उतरायची. ग्रंथालयात मला जे सापडायचं ते मी त्यांना जाऊन सांगायची आणि त्यांना त्यात भारी रस असायचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून, निरखून १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू माणसांशी आणि जगाशी नातं जोडतं, आणि तो काळ कोंडवाड्यात गेला तर नंतर भरून काढणं फार जड जातं, हे त्यांनी दाखवलं. जॅक आणि वेंडी व्होलहार्ड या जोडप्यानं पिल्लांच्या पारखीची पद्धत बसवली. ती एकोणपन्नासाव्या दिवशी करावी असं त्यांचं म्हणणं. सात गुणिले सात. मी ते वाचलं आणि वसतिगृहाच्या खोलीत एकटीच मोठ्यानं म्हणाले, सात बाजार! अनोळखी जागा, जवळ बोलावणं, मागं येतं का बघणं, उताणं धरणं, बोटांमधली चिमटी, दचकवणारा आवाज, दोरीला बांधून ओढलेलं फडकं, अचानक उघडलेली छत्री. प्रत्येकाला एक ते सहा गुण, आणि जास्त गुण म्हणजे जास्त चांगलं असं अजिबात नाही. कुठला आकडा कुठल्या घराला, एवढंच.

छत्रीचं ऐकून तात्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःची छत्री आणली आणि चालू वेताच्या पिल्लांपुढं उघडून पाहिली. "हे बरं हाय," म्हणाले. पुढं ते छत्री वापरायला लागले. वयाच्या साठीत, आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान पोरीकडून आलेली गोष्ट त्यांनी घेतली आणि दर वेळी येणाऱ्यांना सांगितलंही, "हे छत्रीचं आमच्या डॉक्टरीनबाईनं दिलं."

आणखी एक गोष्ट मी त्यांच्यापुढं ठेवली होती, जरा धाकधुकीनंच. स्वीडनमध्ये एरिक विल्सन आणि पेर-एरिक सुंडग्रेन यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवड्यांच्या जर्मन शेफर्ड पिल्लांची पारख केली, तीच कुत्री मोठी झाल्यावर पुन्हा तपासली आणि त्यांना दिसलं की लहानपणच्या निकालावरून मोठेपणी ते कुत्रं कामाला कसं निघेल, हे काही सांगता येत नाही. मला वाटलं, तात्या दुखावतील. ते विड्याला चुना लावत होते. "बरोबरच हाय की त्यांचं," ते म्हणाले. "बी पारखून घेतलं म्हणून पीक आलं असं कुणी म्हणतंय का? पेरल्यावर कोळपायला नगं?"

ते कोळपायला जायचेच. पिल्लू दिल्यावर महिना-दोन महिन्यांनी कुठल्याही कामाचं निमित्त काढून त्या घरी उतरायचे. दारात चहा घ्यायचे आणि कुत्र्याकडं नुसतं बघायचे. हाक मारल्यावर ते कसं येतं, घरातलं पोर जवळून धावत गेलं तर काय करतं, ताटलीजवळ कुणी गेलं तर अंग ताठ होतं का. काही बिनसलं असेल तर तिथल्या तिथं सांगायचे: पोरांनी जेवताना त्याला छेडू नका, साखळी सोडा, संध्याकाळी रानात न्या. दोनदा तरी ते पिल्लू परत घेऊन आल्याचं मला माहीत आहे. भांडून नव्हे, हात जोडून. "माझी निवड चुकली, तुमचं काही न्हाई," असं म्हणून.

पारखीतला मोठा हिस्सा माणसांचा असतो, हे मला त्यांच्याबरोबर फिरून कळलं. लातूरचे एक बंगलेवाले गाडी घेऊन आले होते. त्यांना सगळ्यात वेगवान नर हवा होता. तात्यांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, दुपारी घरी कोण असतं? कुणी नाही, माळी येतो. मोकळं सोडणार का? नाही, फाटकाजवळ बांधणार. तात्यांनी पिल्लं दाखवलीच नाहीत. ते रागावून गेले. घरात त्या वर्षी पैशाची ओढ होती, तूर गेली होती, हे मला ठाऊक होतं. सूनबाईंनाही ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही.

नोकरीला मी नांदेड जिल्ह्यात आले आणि दर मार्गशीर्षात तात्यांची गाठ माळेगावच्या यात्रेत पडायला लागली. लोहा तालुक्यातलं माळेगाव, खंडोबाचं ठाणं. वद्य पक्षात यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, खेचरं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. जिल्हा परिषद तिथं पशुप्रदर्शन भरवते, त्यात कुत्र्यांचंही असतं. मैदानात चाल, ठेवण, दात, रंग बघून बक्षिसं दिली जातात. तात्या मैदानाकडं कमी आणि मागं, जिथं कुत्री बांधलेली असतात तिथं जास्त रमायचे. हलगी जवळून वाजत गेली की कोणतं कुत्रं मालकाच्या पायाशी जातं, कोणतं भुंकत पुढं होतं, कोणतं जीभ आत घेऊन थरथरतं, ते मला दाखवायचे. कुत्रं खंडोबाच्या पायाशी असतं; त्याला वाहिलेले भक्त वाघ्या म्हणवून घेतात. या गर्दीत कुत्र्याला पाय मारणाऱ्याला तात्या थांबवून समजावत. त्यांचा आवाज तेवढ्यापुरताच चढलेला मी ऐकला आहे.

आता मी जे करते ते यातलंच. कंधारकडच्या एका शेतकऱ्याला रानडुकरांसाठी 'कडक' पिल्लू हवं होतं. वेतातला सगळ्यात चपळ नर त्यानं मनाशी धरला होता. मी त्याच्यासमोर दोरीला फडकं बांधून ओढलं. तो नर फडक्यावर असा तुटून पडला की सोडवता सोडवेना. त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात शेळ्या, करडं, अंगणात कोंबड्या. मी सांगितलं, हा डुकरं हाकलेल, पण आधी तुमच्या कोंबड्या संपवेल. फडक्यामागं धावून, हाक मारल्यावर मान वळवणारी एक मादी मी त्याला दिली. मादी म्हणून तो नाखूश होता. आज तिच्या पिल्लांसाठी आलेली गिऱ्हाइकं तो स्वतः नाकारतो.

नांदेड शहरात एका निवृत्त जोडप्याच्या मुलानं परदेशातून हट्ट धरला होता, आईबाबांना हस्की घेऊन द्यायचा. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो. बर्फात गाडी ओढणाऱ्या जातीला आणि गुडघेदुखीच्या म्हाताऱ्यांना, दोघांनाही ते झेपणारं नव्हतं. त्यांच्याच गल्लीत एका गावठी कुत्रीनं पाइपात पिल्लं घातली होती. मी तिथं बसून तीच पारख केली. सावकाश आलेलं, हातात निवांत झालेलं, छत्री बघून दोन पावलं मागं सरून पुन्हा पुढं आलेलं एक पिल्लू काकूंच्या ओटीत दिलं. लस, जंताचं औषध सगळं करून. एक सूचना मी सगळ्यांना आवर्जून करते: लस टोचलेल्या दिवशी किंवा पोट बिघडलेलं असताना पारख करू नका, आजारी पिल्लू शहाणं वाटतं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचं कौतुक केलं आणि माझ्याकडचे फोन वाढले. कारवान पाहिजे, पश्मी पाहिजे, फ्लॅटमध्ये ठेवायचंय, पाचव्या आठवड्यात मिळेल का? कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला मनाई केली आहे. ते नियम मी फोनवर सांगते तेव्हा तात्यांचा आठवा बाजार माझ्या मनात असतो.

शेवटच्या वर्षांत त्यांचे डोळे अधू झाले. मग ते हातानं बघायला लागले. पिल्लू मांडीवर घ्यायचे, बोटं छातीवर ठेवून ठोके मोजायचे, घमेलं पडल्यावर ठोके किती वेळात खाली येतात ते सांगायचे. मला म्हणायचे, तू डोळ्यांनी सांग, मी हातानं सांगतो, बघू जुळतंय का. बहुतेक वेळा जुळायचं. नाही जुळलं तेव्हा पिल्लू आणखी एक बाजार थांबायचं.

कुठल्याच घराला न जुळलेली पिल्लं त्यांनी स्वतःकडं ठेवली. आईला नेऊ दिलं नव्हतं ते भुरकट पिल्लू त्यांच्या दारात म्हातारं होऊन गेलं. शेवटपर्यंत ते परक्याला बघून कडब्यामागं जायचं. पण तात्या रानात निघाले की त्यांच्या सावलीतून बाजूला व्हायचं नाही.

तात्यांच्या मागं हे काम सूनबाई बघतात. घमेलं टाकणाऱ्या त्याच. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन होता. "ताई, पाच पिल्लं हायेत, शनिवारी सात बाजार व्हतेत. येता न्हवं? लोह्याचे एक पाव्हणे सारखे फोन करायलेत, एकटेच येतो म्हणतेत. मी म्हणलं, घरची सगळी आणा, नायतर येऊ नगा." माझा भाऊही येणार आहे. तो आता लातूरला असतो, त्याच्या मुलीला पिल्लू हवंय. सूनबाईंनी त्यालाही तेच सांगितलंय: बायको-पोरीला घेऊन या, दुपारी घरी कोण असतं ते विचारायचंय.